‘कॅलम्नी’ : शब्द, अर्थ आणि भरपाईचे कर्तव्य

इंग्रजी नीतिशास्त्राच्या ग्रंथांत ‘कॅलम्नी’ हा शब्द वारंवार येतो. धर्मशिक्षण देताना आपण त्याचे मराठी रूपांतर बहुधा ‘निंदा’ किंवा ‘बदनामी’ असे करतो. परंतु निंदा खऱ्या दोषावरूनही होऊ शकते, आणि बदनामी हा परिणाम आहे. त्यामागील गोष्ट खरी की खोटी हे तो शब्द सांगत नाही. ‘कॅलम्नी’मध्ये असत्य हेच मुख्य लक्षण होय. जे घडलेच नाही ते दुसऱ्याच्या माथी मारून त्याचा लौकिक बुडविणे, असा तिचा अर्थ. त्यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत : खोटा आळ, कुभांड, बालंट.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘कालुम्निया’. रोमन कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या फिर्यादीस हे नाव होते. लॅटिन बायबलात बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना जो उपदेश करतो (लूक ३:१४), तेथेही हाच शब्द आहे. त्याच मुळापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चॅलेंज’ हा शब्द आला. त्याचाही जुना अर्थ दोषारोप असाच होता.

जवळच्या पापांपासून कुभांड वेगळे ओळखले पाहिजे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २४७७) तीन प्रकार सांगितले आहेत. पुरेशा आधाराविना दुसऱ्याचा दोष मनाशी खरा मानणे, हा उतावळा निवाडा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुढे योग्य कारणाशिवाय दुसऱ्याचा खरा दोष उघड करणे, हे दोषप्रकटन. सत्याविरुद्ध बोलून दुसऱ्याचे नाव बिघडविणे आणि त्याच्याविषयी चुकीचे मत होण्यास वाव देणे, हे कुभांड.

कुभांडाचे स्वरूप नाबोथाच्या कथेत (१ राजे २१) स्पष्ट दिसते. अहाबाला द्राक्षमळा हवा होता. ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, उपास जाहीर करविला, दोन खोटे साक्षीदार बसविले. देव आणि राजा यांना शाप दिल्याचा आळ येऊन नाबोथ दगडमाराने मेला. धर्माचा आणि न्यायाचा देखावा पूर्ण होता. त्यात सत्य तेवढे नव्हते. गावच्या वडीलधाऱ्यांनी विचारपूस न करता आज्ञा पाळली, म्हणून कट सिद्धीस गेला.

हा भेद केवळ कोशातला नाही. संत थोमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दाखविले की लौकिकाची भरपाई पापाच्या प्रकारानुसार बदलते. खोटे बोलणाऱ्याने आपण खोटे बोललो असे कबूल केले पाहिजे. खरा दोष अन्यायाने उघड करणाऱ्याला तो नाकारता येत नाही, कारण ते नवे असत्य होईल. त्याने अन्य मार्गाने त्या व्यक्तीचा मान सावरावा. १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम ९८२ तर याहून कडक आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने लैंगिक पापास चिथावले, अशी खोटी फिर्याद निरपराध धर्मगुरूविरुद्ध ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांकडे करणाऱ्याने ती आधी रीतसर मागे घ्यावी व हानी भरून देण्यास तयार असावे. तोवर त्याला पापमुक्ती नाही.

आपल्या देशाच्या कायद्याची मांडणी थोडी निराळी आहे. इंग्लंडात बोललेल्या बदनामीस ‘स्लँडर’ आणि लिहिलेल्या बदनामीस ‘लायबल’ म्हणतात. १८६० च्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये हा भेद नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तो नाही. विधान खरे असून सार्वजनिक हितासाठी केलेले असेल, तर तो अब्रुनुकसानीचा गुन्हा होत नाही.

यावरून दोन गोष्टी आपल्या लोकांना शिकवाव्यात. पहिली, अन्याय सोसलेल्या व्यक्तीने योग्य अधिकाऱ्याकडे केलेली खरी तक्रार कुभांड नव्हे. तिला कुभांड ठरवून दडपणे हाच खोटा आळ होय. दुसरी, फोनवर आलेला आरोप शहानिशा न करता पुढे पाठविणारा त्या हानीत वाटेकरी होतो. पापनिवेदनात कोणी ‘मी निंदा केली’ असे म्हणाले, तर सांगितलेले खरे होते की खोटे, आणि ते किती जणांच्या कानी गेले, हे धर्मगुरूने सौम्यपणे विचारावे. खोटे असल्यास ज्यांनी ते ऐकले त्यांच्यापर्यंत सत्य पोहोचविण्याचे कर्तव्य त्याला समजावून द्यावे.