पाऊस कर्जतला, पाणी बदलापूरच्या खाचरात : शेताचा नकाशा कसा वाचावा

भात लावणीआधी बियाणे आणि खताची चौकशी आपण करतोच. उल्हास नदीकाठी जमीन असेल तर त्याआधी नकाशा पाहा.

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे, बदलापूर ठाणे जिल्ह्यात. हवामान खात्याचे इशारे जिल्हावार येतात, त्यामुळे अंबरनाथ तालुक्यातला शेतकरी फक्त ठाण्याचा अंदाज बघतो. जिल्हा हा कारभारासाठी आखलेला प्रदेश आहे, नदीचे खोरे हा निसर्गाने आखलेला. पाणी दुसऱ्याच्या हद्दीने चालते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तो पट्टा हाच. म्हणून पावसाळ्यात रायगडचा इशाराही बघत जा. कर्जत-खंडाळ्याकडे जोर असेल तर तुमच्या शेतात ऊन पडलेले असले तरी नदीकाठचा पंप उचलून वर ठेवा.

आता नकाशे. महाभूनकाशावर गट नंबर टाकला की बांध, शेजारचे गट, रस्ता दिसतो. पण जमीन उंच की सखल हे त्यात नसते. उंची दाखवतात त्या समोच्च रेषा, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावर. १:५०,००० या प्रमाणात नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये सहसा २० मीटरचे अंतर. पुराला मात्र दोन मीटरचा फरक पुरतो! तेवढे बारीक या नकाशात दिसत नाही. तिथे गावातल्या जाणत्यांना विचारावे, २००५ च्या २६ जुलैला पाणी कोणत्या बांधापर्यंत आले होते ते. जलसंपदा विभागाने पूररेषा आखलेली असेल तर तीही पाहा: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत शेडनेट किंवा पॉलिहाऊससाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागा कळली की वाण ठरवणे सोपे. वरकस, उताराच्या जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे हळवे भात घ्या. खोल खाचरात गरवे चालते. जे खाचर पुरात पूर्ण बुडते, तिथे स्वर्णा-सब१ सारखे वाण सुमारे दोन आठवडे बुडीत तग धरते. बियाण्याची उपलब्धता कृषी विभागाकडून जाणून घ्या. भातानंतर ओलाव्यावर वाल घेणार असाल तर पाणी लवकर ओसरणारा तुकडा निवडा.

अंबरनाथ-उल्हासनगरकडच्या भाजी उत्पादकांसाठी एक वेगळी गोष्ट. इथून वाहणारी वालधुनी नदी अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातल्या डोंगरातून निघते आणि कारखाने व वस्तीचे सांडपाणी घेत कल्याणकडे जाते. त्यामुळे वालधुनीकाठी ‘शेत नदीपासून किती लांब’ एवढे मोजून भागत नाही. तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला कोणता नाला मिळतो, ते नकाशावर बोट फिरवून शोधा. सांडपाण्याचा नाला वर असेल तर पालक, मेथी, माठ यांना ते पाणी देऊ नका. विहीर प्रवाहालगत असेल तर तिचेही पाणी उन्हाळ्यात, पातळी खाली गेलेली असताना, प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि जड धातूंची तपासणी वेगळी मागा, कारण सिंचनाच्या नेहमीच्या तपासणीत ती सहसा नसते.