खंडाळ्याचा तलाव आणि सोळावा मजला

वेलिंग्टन शहरात रस्त्याच्या कडेला ‘इथे गाडी थांबवू नका’ सांगणाऱ्या पिवळ्या तुटक रेषा ओढायच्या असल्या, तरी नगरसेवकांच्या समितीचा ठराव लागतो. बसथांबा पंधरा पावलं पुढे सरकवायचा, तरी ठराव. आधी नकाशा निघतो, आजूबाजूच्या घरांना पत्रं जातात, हरकती येतात, अधिकारी अहवाल लिहितात आणि मग समितीत प्रश्न सुरू होतात. रेषा किती मीटरची? किती गाड्यांची जागा जाईल? समोरच्या आजींच्या फाटकाचं काय? सुरुवातीला मला हे बघून हसू यायचं. दोन लाख वस्तीचं, देशाची राजधानी असलेलं शहर, आणि शहाणीसुरती माणसं एका फाटकावर वीस मिनिटं घालवतात! पण पुढे लक्षात आलं की इथला कारभार समजून घ्यायचा तर या थांब्यापाशीच उभं राहावं. कारण थांबा या सभागृहाचा असला, तरी त्यावर येणारी बस या सभागृहाची नाही.

बस ग्रेटर वेलिंग्टन प्रादेशिक परिषदेची, म्हणजे मेटलिंकची. तिचे नगरसेवक वेगळे, निवडणूक त्याच वेळी पण मतं वेगळी, कचेरी वेगळी. रस्ता, फुटपाथ, बसची मार्गिका, थांब्याची जागा ही कामं शहर परिषदेची. हमरस्ता आला की राष्ट्रीय वाहतूक संस्था. आगगाडीचा गुंता तर आणखी मोठा: डबे प्रादेशिक परिषदेचे, रूळ सरकारी किवीरेलचे आणि गाडी चालवणारी कंपनी २०१६ पासून ट्रान्सडेव्ह. मे २०२३ मध्ये किवीरेलची रूळ तपासणारी एकमेव गाडी बंद पडली, तपासणी राहिली आणि कापिटी मार्गावरच्या लोकल मंदावल्या. प्रवासी भडकले ते मेटलिंकवर, कारण वेळापत्रकावर नाव तिचं असतं. घरपट्टीच्या एकाच बिलात शहराचा आणि प्रदेशाचा दोघांचा वाटा असतो, त्यामुळे पैसे कुणाला दिले हे लोकांच्या लक्षात राहत नाही. दिले एवढंच लक्षात राहतं.

म्हणून इथल्या नगरसेवकाला आधी एक गोष्ट शिकावी लागते: आपला प्रश्न कुणाच्या टेबलावर पडणार आहे? चुकीच्या टेबलावर पडलेला प्रश्न कितीही टाळ्या मिळवो, उत्तर मिळवत नाही.

हे सगळं मला नीट उलगडलं ते खंडाळ्यामुळे. वेलिंग्टनच्या उत्तरेला, काउकाऊ नावाच्या ४४५ मीटर उंच डोंगराच्या पायथ्याशी खंडाला हे उपनगर आहे. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या कॅप्टन जेम्स अँड्र्यूने १८८४ मध्ये इथे घर बांधलं आणि त्याला आपल्या बोरघाटातल्या खंडाळ्याचं नाव दिलं. घराचं नाव गावाला लागलं. पुढे रस्त्यांनाही तसलीच नावं पडत गेली. मुख्य रस्ता गॅंजेस रोड. शिवाय आग्रा, दिल्ली, काश्मीर. लोकलचं एक स्टेशन चक्क सिमला क्रेसेंट. नऊ स्टेशनांचा, सात बोगद्यांचा हा जॉन्सनव्हिलचा एकेरी मार्ग डोंगर चढताना कधीकधी समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबतो. पुण्याहून आलेल्या माणसाला घाटातल्या थांब्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फक्त वडापाव विकणारं कुणी येत नाही.

या खंडाल्यात, झाडीत, ओढ्याच्या बाजूला १९२५ चा एक सार्वजनिक पोहण्याचा तलाव आहे. पाणी तापवलेलं नसतं आणि तो फक्त उन्हाळ्यात उघडतो. वेलिंग्टनचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली सकाळ, त्यामुळे त्यात उतरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. २०२४ मध्ये परिषदेने दहा वर्षांचा आराखडा मांडला, त्यात हा तलाव बंद करण्याचा प्रस्ताव होता. तलाव जुना झालेला, आणि नीट करायचा तर खर्च एक कोटी डॉलरच्या वर. तिकडे शहराचे पाण्याचे नळ फुटत होते आणि १९०४ सालच्या टाउन हॉलला भूकंपापासून वाचवण्याचा खर्च वाढत वाढत ३२ कोटी ९० लाख डॉलरपर्यंत जाऊ शकेल असं परिषदेनेच २०२३ मध्ये मान्य केलं होतं. ज्या घरात छत गळतं, तिथे अंगणातल्या हौदावर कात्री आधी चालते.

मी ज्या सभा पाहिल्या त्या द टेरेस या रस्त्यावरच्या इमारतीत सोळाव्या मजल्यावर भरत. भूकंपांनंतर परिषद आपला जुना नागरी चौक सोडून या भाड्याच्या इमारतीत आली होती. खोलीचं नाव न्गाके, वेलिंग्टनच्या बंदरातल्या दंतकथेतल्या एका अजस्र जलचराचं. नावात दरारा आहे, खोलीत नाही. सुरुवातीला माओरी कराकिया म्हणजे प्रार्थना, मग गैरहजेरी, मग कुणाचा कशात हितसंबंध आहे का याची विचारणा. महापौर आणि पंधरा नगरसेवक, आणि समित्यांमध्ये स्थानिक माओरी जमातींचे दोन प्रतिनिधी, ज्यांना तिथे मतही असतं. नागरिकांसाठी मागे खुर्च्या. बहुतेक रिकाम्या, कारण सगळं थेट प्रक्षेपित होतं. तलावाचा विषय असला की मात्र भरतात.

मराठी माणसाला इथे पहिली उणीव भासते ती आरडाओरडीची. आपल्याकडे मुख्य सभेत प्रशासनाला धारेवर धरतात, अधिकाऱ्याला फैलावर घेतात, कधी हंडे घेऊन येतात आणि फारच झालं तर महापौरांसमोरचा राजदंड पळवतात. इथे राजदंड पळवला तर बहुधा त्याची पोचपावती मागतील. पण या शांततेला सौजन्य समजू नये. अहवाल सभेच्या किमान दोन कामकाजाच्या दिवस आधी लोकांना उपलब्ध करावा लागतो, असा १९८७ चा कायदा आहे. तो वाचून नगरसेवक आपले प्रश्न लेखी पाठवतात आणि वेलिंग्टनमध्ये त्या प्रश्नोत्तरांचं टिपण सभेआधी प्रसिद्ध होतं. खरी लढाई बऱ्याचदा तिथेच होते. तलाव दुरुस्तीच्या आकड्यात अनपेक्षित खर्चाची तरतूद किती टक्के धरली? बंद करून जमीन सपाट करायला किती? तो खर्च वजा केला तर खरी बचत उरते किती? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण पहिल्या दोन उत्तरांशिवाय तो विचारताच येत नाही.

प्रत्यक्ष सभेत आधी फक्त प्रश्न, नंतर चर्चा, असा क्रम असतो. नगरसेवकाला प्रश्नाच्या नावाखाली भाषण करायची अनावर इच्छा होते. मग अध्यक्ष विचारतात, यात प्रश्न कुठे आहे? तेव्हा वाक्याच्या शेवटी घाईघाईने ‘असं आपल्याला वाटत नाही का?’ जोडलं जातं. हे मात्र अगदी घरच्यासारखं वाटतं. अधिकारी टेबलाच्या टोकाला येऊन बसतात, कागद सरळ करतात, उत्तर देतात. माहीत नसेल तर तपासून सांगतो म्हणतात. मुरलेला नगरसेवक तेवढ्यावर सोडत नाही, ‘कधीपर्यंत?’ विचारतो, आणि ते इतिवृत्तात जाईल असं पाहतो.

या सभ्यपणामागे एक कायदेशीर कारण आहे. २००२ च्या स्थानिक शासन कायद्याने नगरसेवक फक्त एकाच माणसाला नोकरीवर ठेवतात: मुख्य कार्यकारी अधिकारी. बाकी सगळे त्याचे किंवा तिचे कर्मचारी. त्यामुळे तलावाच्या अभियंत्याला नगरसेवक दम देऊ शकत नाही, प्रश्नच विचारू शकतो. आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवतं, म्हणून नगरसेवकाचा आवाज चढतो. ज्याला नेमायचं आपल्या हातात नाही त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं, असं काहीसं असावं. बसचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखं आहे. पुण्यात २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली, आणि तेव्हापासून मुख्य सभेत बसबद्दल विचारलं की प्रश्न निम्मा कंपनीच्या दारात जाऊन उभा राहतो. वर मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात मी सोळाव्या मजल्यावर बसून फाटकाबद्दलचे प्रश्न ऐकत होतो आणि पुण्यातल्या भावाचा फोन यायचा: आमच्या इथला थांबा उचलून नेलाय, कुणाला विचारू?

आराखड्यावर नागरिकांचीही सुनावणी होते. माणशी पाच मिनिटं आणि समोर घड्याळ. तलावाच्या बाजूने आजोबा बोलतात, शाळकरी मुलं कागदावरून वाचतात आणि हमखास कुणीतरी तक्ता आणतं. अशा भाषणानंतर नगरसेवक बोलणाऱ्यालाच उलटे प्रश्न विचारतात, आणि तिथे कळतं कोण कशाच्या शोधात आहे. खर्च अर्धा केला, सोयी कमी केल्या तर चालेल का? हे विचारणाऱ्याने मनात तडजोड मांडलेली असते. तलाव बंद झाला तर मुलं कुठे जातील? जवळचा तलाव कोणता, आणि तिथे जायला बस आहे का? इथे सुविधेचा प्रश्न वाहतुकीचा होतो, आणि त्याच क्षणी अर्धं उत्तर खोलीबाहेर जातं, कारण बसचं वेळापत्रक ठरवणारे लोक कुबा स्ट्रीटवरच्या दुसऱ्या इमारतीत बसतात. अधिकारी म्हणतात, प्रादेशिक परिषदेकडे विचारणा करू. मला हा या व्यवस्थेतला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो. तलाव एकीकडे आणि तलावाकडे नेणारी बस दुसरीकडे असेल, तर बंद करण्याची खरी किंमत एकाही कागदावर पूर्ण उतरत नाही.

लोकांच्या रेट्यानंतर खंडाल्याचा तलाव लगेच बंद होणं टळलं. स्वस्तातला पर्याय शोधा, असा सूर लागला. पण त्याच आराखड्याचा मोठा आधार होता विमानतळातला परिषदेचा ३४ टक्के हिस्सा विकणं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नगरसेवकांनी तो निर्णयच फिरवला. मग पैशाचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं, आणि सरकारने परिषदेवर लक्ष ठेवायला निरीक्षक नेमला. काही स्थानिक वर्तमानपत्रांनी परिषदेला गोंधळी म्हटलं. मला तसं वाटलं नाही. मतं नावानिशी नोंदली गेली होती, कुणी आधी काय विचारलं होतं तेही कागदावर होतं. त्यामुळे कोण का फिरलं हे कुणालाही घरी बसून ताडता येत होतं.

सभा सहा तासांच्या पुढे न्यायची तर त्यासाठीही ठराव लागतो. एका लांबलेल्या दिवशी तो मंजूर झाला, चहाची सुटी झाली, आणि परत आल्यावर पुढचा विषय निघाला: एका उताराच्या रस्त्यावरचा बसथांबा, वीस मीटर खाली. पहिला हात वर गेला तो खंडाल्याच्या बाजूच्या प्रभागातून. तिथून खाली उतरताना पावसात पाय घसरतो का, हे कुणी जाऊन पाहिलंय का?