संकल्प एकीचा, साथ सर्वांची

मनातला संकल्प चार माणसांसमोर उच्चारला, की त्याला जबाबदारीचे अधिष्ठान लाभते. स्वयंसहाय्य बचत गटाचे बळ नेमके येथेच आहे.

‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये ५०० गटांचे उद्दिष्ट ठेवून बँक-जोडणीचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. दहा ते वीस सदस्यांच्या या गटांची पंचसूत्री सुटसुटीत आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब.

बैठकीत प्रत्येकीच्या नावापुढील रक्कम मोठ्याने वाचली जाते. समजा, लेकीच्या शिक्षणासाठी हातभार लागावा म्हणून एखादीने कर्ज काढून शिलाई यंत्र घेतले आणि हप्ता चुकला. कर्ज तर सख्यांच्याच बचतीतून दिलेले! म्हणून ‘का चुकला?’ हे विचारले जाते. पण त्यापाठोपाठ ‘आता काय करू या?’ हेही विचारले जाते. कुणी शिवणकाम मिळवून देते, कुणी मुदतवाढीस संमती देते. नोंदवहीतील रिकामा रकाना लपत नाही, आणि म्हणूनच ती एकटी पडत नाही.

ध्येय कोणतेही असो; ठरावीक दिवस, लेखी नोंद आणि आपुलकीने जाब विचारणारी माणसे, एवढे भांडवल प्रत्येकाला उभारता येईल.