विजेचे ठिकाण आणि शाळेचे घड्याळ

मृगाचा पाऊस आणि शाळा उघडण्याचे दिवस आपल्याकडे जवळजवळ एकच. कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर या भागांत दुपार कलल्यावर मेघगर्जना सुरू होते आणि शाळा सुटण्याची वेळही तीच असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आता अनेक शिक्षकांच्या मोबाईलवर आहे. त्यावर किती विसंबावे, हे ठरविण्यासाठी वीज कशी टिपली जाते हे माहीत असावयास हवे.

वीज चमकली की प्रकाशाबरोबर रेडिओ-लहरीही निघतात. जुन्या रेडिओवर पावसाळ्यात होणारी खरखर ती हीच. संस्थेने देशभर ८० हून अधिक ठिकाणी या लहरी टिपणारी यंत्रे बसविली आहेत. लहर येऊन पोहोचल्याची नेमकी वेळ प्रत्येक यंत्र पुण्यास कळविते. समजा, नांदेड व लातूर येथे अशी यंत्रे असून लहर दोन्हींकडे एकाच क्षणी पोहोचली. मग वीज त्या दोन गावांना जोडणाऱ्या रेषेच्या लंबदुभाजकावर, म्हणजे अहमदपूरजवळून जाणाऱ्या रेषेवर, कोठेतरी चमकली असली पाहिजे. वरच्या वर्गातील मुलांकडून ही रेषा नकाशावर अवश्य काढून घ्यावी. लहर नांदेडला आधी पोहोचली, तर रेषा वक्र होऊन नांदेडकडे सरकते. रेषेवरील जागा तिसऱ्या यंत्रामुळे कळते. चौथे असल्यास शंका फिटते.

सारे मर्म घड्याळात आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात लहर सुमारे ३०० मीटर जाते; म्हणून ही घड्याळे उपग्रहांच्या वेळेशी जुळविलेली असतात. तरीही डोंगर व जमिनीचा प्रकार यांमुळे लहर किंचित रेंगाळते आणि गणितात तेवढी दुरुस्ती करावी लागते. यंत्रे एकमेकांपासून फार दूर असतील, तर क्षीण लहरी निसटतात. ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजा पुष्कळदा अशाच निसटतात. वास्तविक त्यांचे मोल मोठे. कारण त्या बहुधा आधी चमकतात आणि जमिनीवर वीज पडण्यापूर्वी काही मिनिटांची सूचना देतात. म्हणून यंत्रांची संख्या वाढविणे, हा एक उपाय. गणिताने काढलेली जागा प्रत्यक्ष वीज पडलेल्या जागेशी ताडून पाहणे, हा दुसरा. ‘सायंकाळी गावाबाहेर वीज पडली’ ही नोंद या कामी निरुपयोगी होय. शाळेच्या वहीत तारीख, तास-मिनिट आणि शेताचा गट क्रमांक लिहून ठेवावा.

एका शाळेस भेट दिली असता गडगडाट ऐकू येत असूनही ‘मोबाईलवर काही दिसत नाही’ म्हणून मुलांना घरी सोडताना मी पाहिले. गावात त्या वेळी इंटरनेट बंद होते! चमक दिसल्यापासून गर्जना ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागिले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरावरील ढगाची पुढची वीज आपल्या अंगणात पडू शकते. शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे होईपर्यंत मुलांना पक्क्या इमारतीत, खिडक्या व लोखंडी गजांपासून दूर बसवावे. पालक बांधावरच्या लिंबाखाली वाट पाहत उभे असतील, तर त्यांनाही आत बोलवावे.