शाळेच्या नावातला ‘सेंट’ म्हणजे कोण? वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडून शिकण्यासारखे



आपल्या बारामती-इंदापूरच्या मुलांना ‘संत’ हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. दरवर्षी तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीचं रिंगण मुलं मोठ्यांच्या खांद्यावर बसून बघतात. पण एखाद्या मुलाने विचारलं, “शाळेच्या नावात ‘सेंट’ असतं, ते कोण?” तर आपण पटकन सांगतो, “ख्रिश्चन लोकांचे देव.” हे उत्तर बरोबर नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या श्रद्धेबद्दल चुकीची माहिती आपल्याच तोंडून जाऊ नये, म्हणून आजचा हा पाठ.

संत देव नसतात

कॅथलिक शिकवणीत उपासना फक्त देवाची. संतांना मिळतो तो आदर. इ. स. 787 मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मसभेने हा फरक स्पष्ट केला होता. भाविक संतांपुढे मेणबत्ती लावतात, नोव्हेना म्हणतात, ती ‘आमच्यासाठी देवाकडे विनंती करा’ या भावनेने. त्यासोबत दुसरी अपेक्षा असते: ज्याचा आदर करता त्याच्यासारखं वागायचा प्रयत्न करा.

म्हणून एखाद्याला संत घोषित करण्याआधी त्याच्या आयुष्याची कसून चौकशी होते. देवसेवक, वंदनीय, धन्य आणि मग संत, अशा आज चार पायऱ्या आहेत. श्रद्धा, आशा, प्रेम, विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे सात सद्गुण त्या माणसाने असामान्य निष्ठेने पाळले का, हे तपासलं जातं. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांची, म्हणजे रक्तसाक्षींची, तपासणी वेगळ्या प्रकारे होते.

आपल्या महाराष्ट्रातले संत

उदाहरण शोधायला रोमला जायची गरज नाही. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत आपल्या वसईचे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1557 च्या सुमारास झाला. तेव्हा वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे त्यांचं शिक्षण झालं आणि साधारण पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबरच ते जपानला गेले. तिथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की धर्मगुरूंच्या कामात त्यांची मोठी मदत होऊ लागली.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची फार इच्छा होती. ती मान्य झाली नाही. मग ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांचा जम बसला. पुढे मनिलाला त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला. चालता व्यापार सोडून ते तिथे ब्रदर झाले. म्हणजे धर्मगुरूचं पद नाही, साधा सेवक.

1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. तिथला सत्ताधीश होता तोयोतोमी हिदेयोशी. क्योटोत या फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारलं, कुष्ठरुग्णांची सेवा केली. पण 1596 च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली आणि अटका झाल्या. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेऊन 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रूसावर मारलं. त्यांत 20 जण जपानी होते, काही तर कोवळी मुलं होती.

1627 मध्ये गोन्सालो ‘धन्य’ घोषित झाले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. मृत्यूनंतर तब्बल 265 वर्षांनी! नागासाकीत 1962 साली या 26 जणांचं स्मारक उभं राहिलं. इकडे वसईजवळ गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे.

त्यांचा स्मृतिदिन 6 फेब्रुवारीला असतो, कारण 5 तारीख आधीपासून संत अगाथा यांची. संतांचा दिवस बहुधा त्यांच्या मृत्यूच्या तिथीला धरून असतो. आपण तुकाराम बीज पाळतो ना, तसंच काहीसं.

मुलांना नेमकं काय सांगायचं?

इथे आपली, म्हणजे शिकवणाऱ्यांची, एक सवय आडवी येते. आपण थेट क्रूसाचा प्रसंग रंगवतो. मुलं डोळे विस्फारून ऐकतात आणि विसरतात. नागासाकीचा तो एक दिवस. त्याआधी चाळीस वर्षांचं आयुष्य होतं. पाचवीच्या मुलाला उचलता येईल असं बरंच काही त्या वर्षांत आहे.

परकी भाषा चिकाटीने शिकणं हा एक गुण. मनापासून हवं होतं तिथे नकार मिळाला तरी कडवटपणा न धरता दुसरी वाट शोधणं हा दुसरा. आणि दुभाष्याचं काम बघा. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा येत नाही, सगळी भिस्त मधल्या माणसावर. त्याने पदरचं एक वाक्य घातलं तर कोणाला कळणार? असं काम विश्वासाने सोपवलं जातं, तेव्हा खरेपणाची रोजच परीक्षा असते. धैर्य शेवटच्या दिवशी अचानक येत नाही. ते अशा छोट्या कामांतून मुरत जातं.

वर्गात विचारता येतील असे प्रश्न

1. आदर करणं आणि अनुकरण करणं यात फरक काय?
2. तुला नकार मिळाला तेव्हा तू काय केलंस?
3. तुझ्या माहितीतल्या कोणत्याही संतांचा एक गुण सांग आणि तो या आठवड्यात कुठे वापरशील ते लिही.

एक विनंती. तिसऱ्या प्रश्नात कोणाचे संत मोठे, अशी तुलना होऊ देऊ नका. एकाने तुकोबा लिहावेत, दुसऱ्याने गोन्सालो, तिसरीने आणखी कोणी. धर्म कुठलाही असो, त्या मुलाने आठवडाभर काय केलं तेवढं पुढच्या सोमवारी विचारा. हार घालून, मेणबत्ती लावून जे सुरू होतं, ते वागण्यात उतरलं तरच पुरं होतं.