पडलेल्या मताचं पुढे काय होतं?

मराठीत एक गंमत आहे. मतपेटीत मत पडतं आणि निवडणुकीत उमेदवारही पडतो. क्रियापद एकच. त्यामुळेच की काय, आपला उमेदवार पडला की आपलं मतही त्याच्याबरोबर गेलं असं लोकांना वाटतं. निकालाच्या संध्याकाळी पारावर, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'यंदा मत फुकट गेलं.' आज मला याच वाक्याविषयी बोलायचं आहे.

पोलादपूर तालुक्यातल्या शाळांत माझी नोकरी झाली. शिक्षक म्हटला की निवडणुकीची ड्यूटी आलीच. मतदानयंत्राची पेटी घेऊन घाट चढायचा, रात्री शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायची आणि सकाळी सातच्या ठोक्याला मतदान सुरू करायचं. केंद्रावर आम्ही तोंड उघडायचं नाही, हा नियम. पण निकालानंतर गावकरी गाठत आणि विचारत, "गुरुजी, आपला माणूस तर पडला. आता पुढच्या खेपेला गाडीभाडं घालून कशाला यायचं?"

हा प्रश्न आळसातून आलेला नाही. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला, सुरतेला किंवा पुण्याला असतो. त्याचं नाव गावच्या यादीत. मतासाठी येणं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला रोज. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब या कलमानुसार मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. कापडाच्या दुकानात किंवा गोदामात राबणाऱ्या पोराला हे कलम कोण सांगणार? आणि सांगितलं तरी मालकापुढे ते काढायची हिंमत कुठून यायची? तेव्हा 'कशाला यायचं?' याला उत्तर द्यायचं तर 'लोकशाहीचा उत्सव' वगैरे शब्दांनी भागत नाही. हिशेबाला हिशेबानंच उत्तर द्यायला हवं.

पक्षांची नावं घेताना रेडिओवर जरा जपून बोलावं लागतं. म्हणून मी नुसते निकाल सांगतो. ते कुणाच्या बाजूचे नाहीत.

२०१४ची लोकसभा घ्या. आमच्या रायगड मतदारसंघात शिवसेनेचे अनंत गीते निवडून आले आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरे पडले. फरक होता २,११० मतांचा. याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्षही उभे होते आणि त्यांना नऊ हजारांवर मतं पडली होती! त्यावर आमच्याकडे अजून चर्चा झडते, पण तो आजचा विषय नाही. हे २,११० मतांचं अंतर महाड, पोलादपूर, श्रीवर्धन, अलिबाग, पेण, दापोली, गुहागर अशा पसरलेल्या मुलखात भरायचं होतं. वाडीमागे दोन-तीन माणसं घरी बसली किंवा बाहेर पडली, तरी एवढा फरक पडतो. २०१९ला तेच दोघे समोरासमोर आले आणि तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. २०१४ला 'मत फुकट गेलं' म्हणणारे पाच वर्षांनी घरीच बसले असते तर काय झालं असतं, ते कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ते बसले नाहीत, एवढं निकालातून दिसतं. २०२४ला पुन्हा हेच दोघे उभे राहिले आणि तटकरे ८२ हजारांवर मतांनी आले. त्या वेळी मतदान साधारण साठ टक्के झालं. मतदारसंघात मतदार सोळा लाखांवर, म्हणजे सहा लाखांहून जास्त लोक केंद्राकडे फिरकलेच नाहीत. जिंकणाऱ्याच्या मताधिक्याच्या कितीतरी पट माणसं घरी होती.

आता महाड विधानसभा. यात महाड आणि पोलादपूर हे तालुके येतात आणि माणगावचा काही भाग. भरत गोगावले २००९पासून इथून सलग निवडून येत आहेत. त्यांच्या विरुद्ध माणिक जगताप लढत. २००४ला तेच इथले आमदार होते. २०१४ला जगतापांना सुमारे ७३ हजार मतं होती, २०१९ला सुमारे ८० हजार. २०२१ साली त्यांचं निधन झालं. २०२४ला त्यांच्या कन्या स्नेहल जगताप उभ्या राहिल्या, त्यांना सुमारे ९१ हजार मतं पडली. तिन्ही वेळा पराभव, आणि तिन्ही वेळा मतं चढती. जिंकणाऱ्याचीही मतं चढतीच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ही हरलेली मतं नुसती कागदावर राहिली का? २०१४च्या पराभवानंतर दोनच वर्षांत, २०१६ला, महाड नगरपालिकेची निवडणूक झाली आणि नगराध्यक्षपदी स्नेहल जगताप निवडून आल्या. आमदार एका बाजूचा, नगराध्यक्ष दुसऱ्या बाजूचा. विधानसभेला पडलेल्यांचे मतदार हात गाळून बसले असते तर हे घडलं नसतं.

निवडणूक ही एकच लढाई नसते, हे आपण विसरतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, विधानसभा, लोकसभा अशा सहा ठिकाणी आपल्याला बोलावणं येतं. एकीकडचा पराभव दुसरीकडे लागू पडत नाही. शिवाय ही बोलावणी काही दर वर्षी येत नाहीत. महाड नगरपालिकेचं मतदान २०१६नंतर थेट २०२५च्या डिसेंबरात झालं. नऊ वर्षांनी आलेला दिवस 'आपलं काय चालतंय' म्हणून घालवायचा?

हरलेल्या मताची सरकारी दप्तरातही नोंद राहते. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पडलेल्या उमेदवाराची अनामत जप्त होते. विधानसभेला ती दहा हजार असते, लोकसभेला पंचवीस हजार, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. लहान पक्षाच्या किंवा अपक्षाच्या दृष्टीनं ती वाचणं म्हणजे पुढच्या वेळी उभं राहण्याची ताकद. राज्यात एकही जागा न जिंकता आठ टक्के मतं मिळवली, तर राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळू शकते. ही तरतूद २०११पासून आहे. म्हणजे पडलेल्या उमेदवारांच्या मतांवरही पक्षाचं चिन्ह टिकतं.

पण वाडीवरच्या माणसाला खरी भीती असते ती वेगळीच, आणि तिच्यावर कुणी मोकळेपणानं बोलत नाही. ती म्हणजे केंद्रनिहाय मोजणी. डोंगरातल्या एखाद्या केंद्रावर दोन-तीनशेच मतदार असतात. मतमोजणीत प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा निघतो आणि तो जाहीर होतो. अमक्या वाडीनं किती मतं कुणाला दिली, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत. कोण कुणाला म्हणालं ते कळत नाही, पण वाडी कळते. मग पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वाड्यांवर टँकर लागतो, तेव्हा मनात शंका येते : आपण 'त्यांना' मत दिलं नाही, म्हणून टँकर उशिरा येतोय का? ही शंका खरी असो वा खोटी, तिच्यामुळे पराभूत बाजूचा माणूस पुढच्या वेळी घरी बसणं पसंत करतो.

कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रं आली आणि ती सोय गेली. यंत्रांची मतंही एकत्र मोजावीत म्हणून निवडणूक आयोगानं २००८ साली 'टोटलायझर' नावाचं उपकरण सुचवलं, २०१५ साली विधी आयोगानं त्याला पाठिंबा दिला. पण ते अजून आलेलं नाही. माझ्या मते ते यायला हवं.

तोवर काय करायचं? याच आकड्याची दुसरी बाजू बघायची. केंद्रनिहाय यादी जिंकणारा वाचतो, तशी हरणाराही वाचतो, आणि जास्त बारकाईनं वाचतो. कुठे आपला एक कार्यकर्ता ठेवायचा, कुठली सभा घ्यायची, कुठल्या रस्त्याचा प्रश्न लावून धरायचा, हे तो त्यावर ठरवतो. ज्या वाडीवर हरणाऱ्याची चाळीस मतं दिसतात, तिथे जिंकणाराही पुढच्या खेपेला ती चाळीस फोडायला येतोच. ज्या वाडीवर मतदानच थोडं, तिथे दोघेही येत नाहीत. २०२१च्या जुलैत तळिये गावावर दरड कोसळली. २००५च्या जुलैतही महाड तालुक्यात दरडी आल्या होत्या. अशा मुलखात पुनर्वसनाचा, पुलाचा, संरक्षक भिंतीचा प्रश्न विचारणारी माणसं दोन्ही बाजूंना लागतात, आणि विचारणाऱ्याच्या पाठीशी आकडा लागतो.

पराभव पचवण्याविषयी बोलताना महाडच्या माणसाला चवदार तळ्याकडे यावंच लागतं. १९२७चा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्यातला मतांचा भाग कमी सांगितला जातो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ साली मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली त्यानुसार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं जिंकलं होतं. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्याचं पाणी प्यायले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. मतांनी मिळालेलं मतांनीच गेलं. पुढे दहा वर्षं कोर्टकचेरी चालली आणि मार्च १९३७मध्ये मुंबई हायकोर्टानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला.

त्याच आंबेडकरांना १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून हार पत्करावी लागली. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४,५६१ मतांनी जिंकले. तेव्हा तो दोन जागांचा मतदारसंघ होता, मतदाराला दोन मतं असत. सत्तर हजारांवर मतं बाद ठरली अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. अर्ज फेटाळला गेला. १९५४ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आंबेडकर पुन्हा पडले. घटना लिहिणारा माणूस लोकसभेत निवडून जाऊ शकला नाही, यावरून त्यांच्या मतदारांनी मतदानावरचा विश्वास टाकला असता तर नवल नव्हतं. त्यांनी तसं केलं नाही. बाबासाहेब १९५६च्या डिसेंबरात गेले. १९५७ला त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं संयुक्त महाराष्ट्र समितीच्या साथीनं निवडणूक लढवली. पहिल्या लोकसभेत या पक्षाचे अवघे दोन खासदार होते, आता सहा झाले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड निवडून आले.

आमच्या कुलाबा जिल्ह्यातही त्या पाच वर्षांत पारडं फिरलं. १९५२ला इथून चिंतामणराव देशमुख काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. ते मूळचे महाडजवळच्या नात्याचे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. १९५७ला इथली जागा शेतकरी कामगार पक्षाच्या राजाराम राऊतांनी जिंकली. १९५२ला काँग्रेसविरुद्ध मत देऊन हरलेले शेतकरी तेव्हा पुन्हा केंद्रावर गेले होते.

अलीकडे मात्र एक नवीच अडचण उभी राहिली आहे आणि तिला जुना दाखला पुरत नाही. २०२२ला शिवसेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी. २०१९ला गीते आणि गोगावले एकाच पक्षात होते, २०२४ला समोरासमोरच्या. ज्यांना युतीविरुद्ध मत दिलं, ते तटकरे युतीत गेले. 'आपला पक्ष हरला' हे दुःख तरी सरळ असतं. 'आपला पक्ष नेमका कुठे आहे?' हे कुणाला विचारायचं? मतदार जिंकला की हरला हेच त्याला कळेनासं झालं. एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं, "गुरुजी, मी माणूस तोच ठेवला, चिन्हच बदललं. आता मी बदललो का तो?" मी हसलो, पण उत्तर सुचलं नाही.

अशा वेळी पक्षापेक्षा प्रश्न धरून ठेवावा, असं मला वाटतं. माझ्या वाडीला पाण्याची योजना हवी असेल, तर तिच्याविषयी गेल्या पाच वर्षांत कोण बोललं, एवढंच पाहावं. कुणीच पटत नसेल तर २०१३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 'नोटा'चं बटन आहे. विधानसभा-लोकसभेला नोटा पहिली आली तरी पुढचा उमेदवारच जिंकतो. मात्र राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा आदेश काढला. तिथे नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायची.

शेवटी चाकरमान्यांसाठी एक कामाची गोष्ट. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, गावी किंवा मुंबईला. दोन्हीकडे ठेवणं कायद्यात बसत नाही. बदलायचं असेल तर आठ नंबरचा अर्ज भरायचा. नव्यानं अठरा पूर्ण झालेल्यांना सहा नंबरचा अर्ज, आणि त्यासाठी आता फक्त जानेवारीची वाट पाहायची नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. गणपतीला गावी आलात की यादी पाहून घ्या. निवडणूक लागल्यावर तहसील कचेरीत जी गर्दी होते, तिच्यात उभं राहण्यापेक्षा हे सोपं जातं.