पडद्याच्या चित्रात शेजाऱ्याचे खाते
(ऊस विकास विभागाकडून)



बिलाविषयी शंका आली की पूर्वी सभासद वजनपावती खिशात घालून गट कार्यालयात येत. आता मोबाईलवर विचारणा होते आणि कार्यालयातील कारकून संगणकाच्या पडद्याचे चित्र काढून पाठवितो. यालाच स्क्रीनशॉट म्हणतात. लाडखेड-बोरीकडील माणसाची दारव्ह्याची एक खेप वाचते. सोय चांगलीच आहे. परंतु अशा चित्रात पाहिजे त्या मजकुराबरोबर नको तो मजकूरही जातो, आणि तो पुष्कळदा दुसऱ्याचाच असतो.

गेल्या हंगामात एका गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाच्या बिलाचे चित्र आले. बिल बरोबर होते. पण त्याच्या कडेला, मागे उघडी राहिलेल्या वसुली यादीची एक पट्टी दिसत होती. तीत दुसऱ्याच एका सभासदाचे नाव आणि सोसायटीची थकबाकी. त्या घरी पोरीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. थकबाकी कोणाकडे नाही? पण म्हणून ती चावडीवर वाचून दाखवायची गोष्ट नव्हे.

हे कसे होते ते समजून घेतले पाहिजे. संगणकावर आपण एकावर एक चौकटी उघडतो. एकीत बिल, मागे वसुली यादी, त्यामागे बँकेला पाठवायचा तक्ता. आपले लक्ष बिलावर असते, म्हणून आपल्याला वाटते की चित्रही बिलाचेच निघेल. यंत्राला लक्ष वगैरे काही नसते. त्या क्षणी पडद्यावर जे रंगाचे ठिपके आहेत त्यांची ते नक्कल करते. यंत्राने तोडलेल्या उसाबरोबर पाचट आणि वाढे गाडीत येतात, तसलाच हा प्रकार.

ऑल्ट कळ दाबून प्रिंट स्क्रीन दाबली की फक्त पुढच्या चौकटीचे चित्र निघते. तेही शंभर टक्के स्वच्छ नसते. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये चौकटीचे वरचे कोपरे गोल होते. चित्र मात्र काटकोनी, म्हणून कोपऱ्यात मागचे ठिपके डोकावत. पुढे व्हिस्टा आणि २००९ ची विंडोज ७ आली. त्यांत चौकटीची वरची पट्टी काचेसारखी होती व मागचा मजकूर तीतून धूसर दिसे. विंडोज १० मध्ये कोपरे सरळ होते, पण चौकटीभोवती न दिसणारी अरुंद किनार राहिली. चित्र काढणारे काही प्रोग्राम त्या किनारीसकट माप धरतात, म्हणजे मागची पट्टी आलीच. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये कोपरे पुन्हा गोल. खरे सांगायचे तर कोपऱ्यातल्या चार ठिपक्यांवरून कोणाचे खाते वाचता येत नाही, त्याची फार धास्ती नको. खरा घोटाळा होतो तो माऊसने हाताने चौकोन ओढताना बोटभर जागा जास्त धरली जाते तेव्हा, किंवा अख्ख्या पडद्याचे चित्र तसेच पाठविले जाते तेव्हा.

मोबाईलवर वेगळी तऱ्हा. चित्र काढताना नेमका वरून बँकेचा संदेश उतरतो आणि रक्कम, कधी ओटीपीसुद्धा, चित्रात बसतो. बँकांच्या काही ॲपमध्ये चित्र काढले तर नुसते काळे येते. मोबाईल बिघडला असे समजू नये, ती बंदी मुद्दाम घातलेली असते. आपले काही हुशार सभासद मग दुसऱ्या मोबाईलने फोटो काढतात. त्यांना काय म्हणावे!

"मग नको तो भाग कापून टाकू" असे कोणी म्हणेल. कापावाच, पण कापला म्हणजे गेला असे नाही. वर्डमध्ये चित्र घालून तिथेच कातरले तर कातरलेला भाग फाईलीत शिल्लक राहतो. फाईल मिळालेला माणूस तो पुन्हा उघडू शकतो. मार्च २०२३ मध्ये तर मोठाच प्रकार उजेडात आला. गुगलच्या पिक्सेल मोबाईलमधील चित्र कापण्याच्या सोयीत आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष निघाला की, कापलेले लहान चित्र जुन्या मोठ्या फाईलीवरच लिहिले जाई आणि जुन्याचे शेपूट मागे राहून जाई. त्यातून कापलेला भाग बराचसा परत काढता येत होता. पिक्सेलमधील दोष सायमन आरन्स आणि डेव्हिड बुकॅनन यांनी उघड केला. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती दिली, पण त्याआधी पाठविलेली चित्रे जिथे गेली तिथे गेली. आकड्यांवर मोबाईलच्या पेनने काळे फासतात, त्याचेही तसेच. पेन पारदर्शक जातीचे असेल तर उजेड वाढवला की खालचा आकडा दिसतो.

सातबारा कोणीही महाभूमीच्या संकेतस्थळावर पाहू शकतो, त्याचे चित्र गेले म्हणून फारसे बिघडत नाही. बँक खाते, आधार आणि कपातीचा तपशील यांची गोष्ट निराळी. आधारची प्रत मागितलीच तर मास्क्ड आधार द्यावे. त्यात बारांपैकी शेवटचे चारच आकडे दिसतात.

गट कार्यालयातील कारकून व चिटबॉय यांना सांगितले आहे ते असे. चित्र काढण्यापूर्वी बाकीच्या चौकटी बंद कराव्यात, निदान खाली बसवाव्यात. शक्य तिथे चित्र न काढता त्या एकाच सभासदाची पावती पीडीएफ करून पाठवावी. एकाचे बिल ग्रुपवर टाकू नये, त्याच्याच नंबरवर द्यावे. सभासदांनीही ग्रुपवर "माझे बिल टाका" असे लिहू नये. मंडळी, तुम्हीच चारचौघांत मागता आणि तो चारचौघांत देतो.

चुकून काही गेलेच तर व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांच्या आत ते सर्वांसाठी पुसता येते. ज्याने पुढे धाडले त्याच्याकडची प्रत मात्र राहते, म्हणून तासाभरात पुसलेले बरे. आपला खातेक्रमांक अशा चित्रातून फुटला असे वाटल्यास आधी बँकेच्या शाखेत कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार द्यावी. गट कार्यालयात यायचे ते त्यानंतर.